फेरो रॉड : निवड, मूठ बसवणे आणि ठिणगीपासून जाळापर्यंत

काडेपेटी भिजली, लायटरमधला गॅस संपला किंवा त्याचे चाक अडकले की ज्या वस्तूची आठवण येते, ती म्हणजे फेरो रॉड. दिसायला ही बोटाएवढी काळपट धातूची कांडी असते. तिच्यावर धारदार कडेचे पोलाद दाबून ओढले की पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा फवारा उडतो. बाजारात तिला ‘फायर स्टार्टर’, ‘फायर स्टील’ किंवा नुसते ‘फ्लिंट’ म्हणतात. मी पहिली कांडी हौसेने विकत घेतली, मुळशीतल्या एका मित्राच्या शेतावर ऐन श्रावणात ती काढली आणि पाऊण तास घासूनही साधी गवताची काडी पेटवू शकलो नाही. शेवटी मित्राच्या आईने चुलीतला निखारा आणून दिला आणि चहा झाला. त्या पाऊण तासात केलेल्या चुका पुढे एकेक करून उमगल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्या टाळता याव्यात, म्हणून हा लेख क्रमवार लिहिला आहे.

१. आधी जागा ठरवा, मग वस्तू घ्या

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या मनात फेरो रॉड आणि गडावरची शेकोटी ही जोडी पक्की बसलेली असते. ती आधी मोडून काढावी लागते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे वनाधिकाऱ्याने जाहीर केलेला हंगाम वगळता राखीव वनात आग पेटवणे, राखणे किंवा सोबत नेणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० ने स्वतंत्र मनाई केली आहे. हरिश्चंद्रगड १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ही गोष्ट कोकणकड्यावर तंबू ठोकणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते. शिवाय दिवाळीनंतर सह्याद्रीचे उतार पिवळे पडू लागतात आणि फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत तेथे एक ठिणगीही वणव्याला पुरेशी असते.

त्यामुळे सरावासाठी घराची गच्ची, अंगण, नांगरलेले शेत किंवा नदीपात्रातला मोकळा वाळूचा पट्टा निवडावा आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाला विचारावे. शेकोटीला परवानगी नाही, पण स्वयंपाकाचा छोटा गॅस स्टोव्ह चालतो, अशा ठिकाणी हीच कांडी तो स्टोव्ह पेटवण्याच्या कामी येते. माझ्याकडची कांडी वर्षभरात सर्वाधिक वेळा त्याच कामासाठी बाहेर निघते, हे मान्य करायला हवे. मात्र रानात गवत वाळलेले असेल, तर स्टोव्हसाठीसुद्धा आधी चार हात जमीन साफ करून घ्यावी.

२. ही वस्तू नेमकी काय आहे

आपल्याकडची जुनी चकमक आणि फेरो रॉड एकच, असा सर्रास समज आहे. चकमकीत गारगोटीची कड पोलादाचा बारीक कण खरवडते आणि तो पोलादाचा कण हवेत जळतो. ती ठिणगी मंद, तांबूस आणि अल्पजीवी असल्यामुळे तिला झेलण्यासाठी जळका कापूस किंवा तशीच चटकन धुमसणारी वस्तू लागते. फेरो रॉडमध्ये काम उलटे होते. येथे पोलाद कठीण आणि कांडी मऊ असते, म्हणून पोलाद कांडी खरवडते आणि कांडीचाच कीस पेट घेतो. सिरियम, लँथेनम व त्यांच्या जातीचे इतर धातू, लोह आणि थोडे मॅग्नेशियम अशा मिश्रणाची ही कांडी असते. सिरियमचा बारीक कीस १५० ते १८० अंश सेल्सिअसलाच पेटतो आणि तेवढी उष्णता घर्षणातूनच निर्माण होते. पेटलेला कण मात्र सुमारे ३००० अंशांपर्यंत तापतो.

हे मिश्रण ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधले आणि १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवल्या जाणाऱ्या गॅसबत्तीची पांढरी जाळी हाही त्यांचाच, १८८५ चा शोध. सिगारेटच्या लायटरमध्ये चाकाखाली जो इवलासा ‘खडा’ असतो, तो याच मिश्रणाचा असतो. स्वयंपाकघरातला खटका दाबायचा गॅस लायटर मात्र वेगळा. त्याची ठिणगी विजेची असते आणि ती गॅस पेटवते, वाळलेले गवत पेटवू शकत नाही.

३. कांडी निवडताना

दुकानात किंवा ऑनलाइन सर्वांत आधी डोळ्यांत भरतात त्या शिट्टी, होकायंत्र आणि रंगीत दोरीसह येणाऱ्या काडीएवढ्या बारीक कांड्या. त्या घेऊ नका. पहिली कांडी ८ ते १० मिलिमीटर जाडीची आणि निदान ८ सेंटिमीटर लांबीची असावी. जाडीमुळे जोर लावता येतो आणि कांडी मोडत नाही. लांबीमुळे एका ओढीत जास्त कीस निघतो, म्हणजेच जास्त ठिणग्या एका जागी पडतात. १२ मिलिमीटरची कांडी चांगलीच असते, पण खिशात तिचे वजन जाणवते.

कांड्या मऊ आणि कठीण अशा दोन प्रकारच्या मिळतात. मऊ कांडीचे मोठे, जड, जमिनीवर पडूनही क्षणभर जळत राहणारे थेंब निघतात, पण ती लवकर झिजते. कठीण कांडी वर्षानुवर्षे टिकते आणि तिचा फवारा दाट असला तरी ठिणग्या लवकर विझतात. आपल्याकडच्या दमट हवेत नवख्याने मऊ कांडी घ्यावी, असे माझे मत आहे. वेष्टनावर हा भेद क्वचितच लिहिलेला असतो. स्क्रॅपर (कांडी घासायची पोलादी पट्टी) ओढताना तो कांडीत किंचित रुतल्यासारखा वाटला तर ती मऊ, काचेवर घसरल्यासारखा वाटला तर कठीण.

मॅग्नेशियमच्या चौकोनी वडीवर काडीएवढा फेरो रॉड चिकटवलेला एक प्रकारही मिळतो. त्यात मॅग्नेशियमचा कीस काढून ढीग करायचा आणि त्यावर ठिणगी पाडायची, अशी कल्पना आहे. कीस काढायला दहा मिनिटे जातात आणि वाऱ्याची एक झुळूक तो उधळून लावते. शिवाय पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकणे धोक्याचे असते. सुरुवातीला या वाटेला न गेलेले बरे. टोकाला दोरीसाठी भोक पाडलेली कांडीही टाळावी, कारण हे मिश्रण ठिसूळ असते आणि कांडी भोकापाशीच मोडते.

४. स्क्रॅपर : सगळी गंमत कडेत आहे

कांडीसोबत येणारी पत्र्याची पट्टी बहुतेक वेळा निकामी असते. तिची कड यंत्रावर कापताना गोल झालेली असते आणि गोल कड कांडीवरून नुसती सरकते. माझ्या त्या पाऊण तासाचे अर्धे अपयश या पट्टीच्या खात्यावर जमा आहे. स्क्रॅपरची कड काटकोनी हवी, इतकी की अंगठ्याचे नख तिच्यावर आडवे हलकेच ओढले तर नखाचा बारीक भुगा निघावा.

उत्तम स्क्रॅपर घरी होतो. हार्डवेअरच्या दुकानातून हॅक्सॉ ब्लेड आणावे, कापडात गुंडाळून त्याचा ७-८ सेंटिमीटरचा तुकडा मोडावा आणि दातांच्या विरुद्ध बाजूची कड कानशीने किंवा धारवाल्याच्या चाकावर सपाट, काटकोनी करून घ्यावी. चाकावर पोलाद निळे पडेपर्यंत तापू देऊ नये, कारण त्याने कठीणपणा जातो. दातांच्या बाजूवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवावा. मी तो चढवला नव्हता आणि तर्जनीवर अजून तीन दातांचे वण आहेत. चाकूची पाठ काटकोनी असेल तर तीही चालते. चाकूच्या धारेने मात्र कधीही घासू नये, धार जाते आणि बोटही जाऊ शकते.

५. मूठ बसवणे

नुसती, बिनमुठीची कांडी स्वस्त पडते आणि तिला आपल्या हातासारखी मूठ करता येते. त्यासाठी पुढील साहित्य जमवावे :

- ८ किंवा १० मिलिमीटरची बिनमुठीची कांडी
- साग, शिसव किंवा बाभळीचा पूर्ण वाळलेला, मुठीत मावेल असा तुकडा
- ड्रिल मशीन आणि कांडीच्या जाडीचा बिट
- कानस, सँडपेपर, जवसाचे तेल
- दोन नळ्यांचा एपॉक्सी चिकट
- भडक रंगाची दोरी

लाकडाच्या टोकात सरळ रेषेत २० ते २५ मिलिमीटर खोल भोक पाडावे. कांडीचा तेवढाच भाग कानशीने हलक्या हाताने खरबरीत करावा आणि हे काम पत्र्यावर, तेल-स्पिरिटपासून दूर करावे, कारण कानशीनेही ठिणग्या उडतात. कांडी ग्राइंडरच्या चाकाला लावू नका. साठलेला कीस एकदम भडकतो. चिकटाचे दोन्ही भाग सारखे घेऊन नीट कालवावेत, भोकात अर्ध्यापर्यंत भरावेत, कांडी गोल फिरवत आत घालावी आणि चोवीस तास तिला हात लावू नये. मी पहिल्या मुठीसाठी पटकन सुकणारा पातळ गोंद वापरला होता. दोन महिन्यांनी ऐन वेळी मूठ माझ्या हातात आणि कांडी गवतात, अशी फारकत झाली. ओले लाकूड वापरल्यासही असेच होते, कारण ते वाळताना आकसते, चिरते आणि कांडी सैल पडते.

बांबूची मूठ हा मला सर्वांत आवडलेला प्रकार आहे. एका बाजूला पेर असलेला तुकडा घ्यावा, पेराच्या भरीव भागात कांडी बसवावी आणि दुसऱ्या बाजूच्या पोकळीत व्हॅसलीनचा कापूस भरून बूच लावावे. दोरी केशरी किंवा पिवळीच घ्यावी, कारण काळी कांडी पाचोळ्यात पडली की सापडत नाही. मुठीवर ट्यूबच्या दोन-तीन चकत्या चढवून ठेवल्या तर पकडही चांगली येते आणि भर पावसात रबराची एक पट्टी कापून जाळ धरून ठेवण्यासाठी वापरता येते. धूर काळा आणि घाणेरडा होतो, म्हणून हा उपाय अडचणीच्या वेळचाच समजावा.

परदेशी छायाचित्रांत सांबरशिंगाच्या मुठी दिसतात. त्यांच्या मोहात पडू नका. रानात गळून पडलेले सांबराचे किंवा चितळाचे शिंगसुद्धा उचलून घरी आणणे वन्यजीव कायद्याच्या कचाट्यात नेणारे आहे.

६. ठिणगी कशात पाडायची

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. ठिणगी क्षणभरच जगते, तेवढ्या वेळात तिला केसासारखा बारीक, कोरडा आणि पिंजलेला तंतू भेटला तरच ज्वाळा उठते. काटकी कितीही बारीक असली तरी ठिणगीसाठी ती ओंडकाच असते. हे पिंजलेले साहित्य आपण ‘पेटवण’ म्हणू.

घरून न्यायचे पेटवण आधी पाहू. औषधाच्या दुकानातल्या कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन चोळावे आणि आतला भाग कोरडा ठेवावा. वापरताना बोळा फाडून आतले कोरडे तंतू वर येतील असा पसरावा. कोरडे तंतू ठिणगी धरतात आणि व्हॅसलीन जाळ काही मिनिटे टिकवते. नवखे लोक बोळा व्हॅसलीनमध्ये बुडवून टाकतात आणि तो पेटत नाही म्हणून कांडीला दोष देतात. दुसरी वस्तू म्हणजे किराणा दुकानातली तागाची सुतळी. तिचे बोटभर तुकडे करून पीळ सोडवावा, तंतू बोटांनी पिंजावेत आणि चिमणीच्या घरट्यासारखा गोळा करावा; पहिल्या-दुसऱ्या फवाऱ्यातच तो पेटतो. सुतळी प्लास्टिकची नाही ना, हे मात्र आधी पाहावे. तिसरा कापूर. वडी चुरडून तिची पूड केली तर ती ठिणगी धरते आणि वाऱ्यातही जळते. परंतु कापूर उघडा राहिला तर हवेत उडून जातो, म्हणून त्याला घट्ट झाकणाची डबी हवी.

रानातले पेटवण ऋतूप्रमाणे बदलते. हिवाळ्यात वाळलेल्या गवताचे बारीक तुरे तळहातांत चोळून मऊ करावेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काटेसावरीची बोंडे फुटतात. तिचा कापूस ठिणगी लगेच धरतो, पण भपकन जळून संपतो, म्हणून तो गवतात मिसळूनच वापरावा. कोकणात नारळाच्या सोडणाचा काथ्या मिळतो. तो आहे तसा ठिणगी धरत नाही, दगडावर कुटून केसासारखा पिंजावा लागतो. या सगळ्यांहून खात्रीचा वाटला तो बांबू. वाळलेल्या बांबूची बाहेरची सपाटी चाकूची पाठ उभी धरून खरवडत राहिले की पिवळसर, लोकरीसारखा भुगा निघतो. मूठभर जमायला दहा-बारा मिनिटे लागतात. वाळलेले सागाचे पान, पेंढा, गोवरीचा तुकडा हे सगळे दुसऱ्या टप्प्याचे साहित्य आहे. त्यांच्यावर थेट ठिणग्या पाडत बसणे व्यर्थ.

पावसाळ्यात जमिनीवरचे काहीही उचलू नये. शेतमालकाच्या पडवीतले सरपण मागावे किंवा उभ्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा कोयत्याने उभा फोडावा. बाहेरून चिंब दिसणाऱ्या लाकडाचा गाभा बहुधा कोरडा असतो. त्याच्या बोटभर जाडीच्या चिपा काढाव्यात आणि चाकूने चिपेला न तोडता पातळ, गुंडाळी होणारे छिलके काढत जावे, म्हणजे चिपेच्या टोकाला छिलक्यांचा झुबका लोंबू लागतो. पेटवणानंतर सर्वांत आधी हे झुबके जाळावर ठेवायचे.

७. प्रत्यक्ष पेटवताना

पहिला फवारा उडवण्याआधी सगळे सरपण हाताशी रचलेले असावे : काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्यांची एक जुडी, मग पेन्सिलीएवढी, मग अंगठ्याएवढी. पेटवण पेटल्यावर काटक्या शोधायला उठलेल्या माणसाचा जाळ विझलेलाच असतो.

नव्या कांडीवर गंजरोधक काळा थर असतो. एका बाजूने तो खरवडून काढावा. पहिल्या पाच-सहा ओढींत काळा भुगाच पडतो, मग तुरळक तांबूस ठिणग्या दिसतात आणि धातूचा करडा चकाकता पट्टा उघडा पडला की फवारा पांढरा होतो. हा थर न काढताच कांडी खराब आहे म्हणून परत करणारे लोक मी पाहिले आहेत.

जमीन ओली असेल तर सुक्या चिपांची चटई करून तिच्यावर पेटवण ठेवावे. कांडीचे टोक पेटवणाच्या मध्यात, खालच्या कठीण तळावर टेकवावे. स्क्रॅपरची कड मुठीजवळ साधारण ४५ अंशात टेकवून घट्ट दाबावी आणि स्क्रॅपरचा हात गुडघ्याला टेकवून स्थिर ठेवावा. आता स्क्रॅपर खाली ढकलण्याऐवजी कांडीच मागे, स्वतःकडे ओढावी. स्क्रॅपर ढकलला तर हात शेवटी पेटवणावर आदळतो आणि पाऊण तासाची मेहनत चहूकडे उधळते. कांडी ओढली तर स्क्रॅपर जागेवर राहतो आणि ठिणग्या एकाच जागी पडतात.

ओढ संथ आणि जोरदार असावी. काडी ओढल्यासारखे झटपट फटके मारले तर आवाज होतो, कीस निघत नाही. पेटवण किंचित दमट असेल तर आधी अगदी हळू, ठिणगी न उडेल इतक्या सावकाशीने खरवडून कांडीचा कीस पेटवणावर साठवावा आणि मग एक जोराची ओढ द्यावी. साठलेला कीस एकदम पेटून जास्त उष्णता देतो. ज्वाळा उठली की लगेच फुंकर मारू नये. ती तंतूंत पसरू द्यावी, मग झुबके आणि बारीक काटक्या तिरप्या, हवा खेळेल अशा ठेवाव्यात.

गॅस स्टोव्ह पेटवताना आधी कांडी बर्नरजवळ धरावी, मगच गॅस थोडासा सोडून लगेच ओढ द्यावी. पॉलिस्टरचे जाकीट, तंबूचे कापड आणि लहान मुले यांच्याजवळ कांडी वापरू नये. तंबूच्या कापडाला एका ठिणगीने आरपार भोक पडते.

८. विझवणे आणि कांडीची निगा

जाळ राखेपर्यंत जळू द्यावा, पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि शेवटी राखेवर हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब तपासावी. ऊब लागली तर पुन्हा पाणी. मातीने झाकलेला निखारा रात्रभर धुमसत राहतो, म्हणून माती लोटून निघून जाणे पुरेसे नाही.

कांडी पावसात भिजली तरी पुसून लगेच वापरता येते, पण ओली ठेवून दिली तर ती सडते. कोकणातल्या एका सहलीनंतर मी ती पिशवीच्या ओल्या कप्प्यात विसरलो आणि दसऱ्याला काढली, तेव्हा करड्या-पांढऱ्या भुकटीने फुगलेली, निम्मी खाल्लेली कांडी हातात आली. समुद्राकाठी हे आणखी लवकर होते. प्रत्येक वापरानंतर ती कोरडी पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. अनेक महिने ठेवायची असेल तर उघड्या धातूवर नेलपॉलिशचा एक थर लावावा, तो पहिल्या दोन ओढींत निघून जातो. घासताना कांडी बोटाने थोडी थोडी फिरवत राहावे, म्हणजे ती एकाच बाजूने खोलगट होत नाही. झिजून निम्म्यावर आलेली कांडी जोराच्या ओढीत मोडू शकते. तिचे तुकडे फेकू नयेत. बोटाच्या पेराएवढा तुकडाही पक्कडीत धरून घासला तर ठिणग्या देतो, म्हणून मी तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून कापसाच्या डबीत टाकून ठेवतो.